धर्मावर लिहिणाऱ्या पत्रकारांची अमेरिकेतली परिषद: साठवलेले पैसे घालून जावं का?

वाखरीकर

नमस्कार मंडळी. मी पंढरपूरकडचा, नऊ वर्षं झाली तालुका वार्ताहर आहे. पेपरचं नाव सांगत नाही. गावात कोण कुठे लिहितो ते टपरीवर कळतंच, इथे तरी झाकून राहू द्या.

आषाढी, कार्तिकी, माघी, चैत्री ही माझी चार पिकं. आषाढीच्या पंधरवड्यात माझा मजकूर पान एकवर असतो. ‘टाळमृदंगाच्या गजरात’ आणि ‘भक्तीचा महापूर’ मी आता झोपेतही टाइप करू शकतो. उरलेलं वर्ष उसाचा दर, वाळूचे टिपर आणि वर्धापनदिनाच्या पुरवणीसाठी जाहिराती गोळा करणं, असं जातं. बातमीमागे काय मिळतं ते विचारू नका. जाहिरातीवरचं कमिशन हाच पगार.

मागच्या वर्षी एका मठाची गोष्ट हाती लागली. जुनी धर्मशाळा, वारकऱ्यांसाठी कुणीतरी बांधून दिलेली. आता तिथे वारकऱ्याला खोली नाही, पण लग्नाच्या वऱ्हाडाला सगळा मजला मिळतो. भाडं कुणाच्या खात्यात जातं ते कुणी सांगेना. मी लिहून पाठवलं. डेस्कवरून फोन आला, “ही क्राइमची बातमी की धार्मिकची?” मी म्हटलं, तुम्हीच ठरवा. त्यांनी ठरवलंच नाही, बातमी अजून पडून आहे.

मध्यंतरी वाचनात आलं की अमेरिकेत फक्त धर्माच्या बातम्या करणाऱ्या पत्रकारांची एक संघटना आहे, रिलिजन न्यूज असोसिएशन. दरवर्षी वेगळ्या शहरात तीन दिवसांची परिषद भरवतात. म्हणजे हा तिकडे धंदा आहे! आपल्याकडे राजकीय बातमीदार असतो, क्राइमचा असतो, बाजार समितीचासुद्धा असतो. धर्माचा कुणी ऐकलाय?

धाकटी बहीण क्लीव्हलंडला असते, राहायची सोय होईल. साठवलेले एक लाख ऐंशी हजार आहेत. बायकोला अजून बोललो नाही. इंग्रजी वाचतो व्यवस्थित, बोलताना अडखळतो. कुणी गेलंय का? मराठीत लिहिणाऱ्याला तिथे काही अर्थ आहे का? की उगाच पाटी लटकवून फिरायचं आणि फोटो टाकायचे?

बिनपगारी

एक लाख ऐंशी हजारांत दोन वर्षं भारतभर फिरून बातम्या करता येतील. आणि धर्माची माहिती घ्यायला पंढरपूरच्या माणसानं अमेरिकेत जायचं, म्हणजे साखर आणायला कारखान्यावरून मुंबईला जाण्यातला प्रकार. बहिणीकडे जायचंय तर सरळ बहिणीकडे जा.

ओहायोवाली आत्या

वाखरीकर, तुला ‘तू’ म्हणते. माझा भाचा तुझ्याच वयाचा असेल.

मी दोनदा गेले आहे. मूळची साताऱ्याची, पुण्यात एका दैनिकात अकरा वर्षं उपसंपादक. नवऱ्याच्या नोकरीमागे इकडे आले, चार वर्षं घरी बसले, मग एका छोट्या स्थानिक पेपरात आठवड्याला वीस तासांचं काम मिळालं. धर्माचं पान माझ्याकडे कसं आलं? संपादक म्हणाले, तुम्ही भारतीय, तुम्हाला अध्यात्मातलं कळत असेल. शाळेत संस्कृत टाळायला पूर्ण हिंदी घेतलेली बाई मी. मान डोलावली. काम हवं होतं.

धर्माचं पान म्हणजे काय होतं, तर पंगतींची यादी. ईस्टरच्या आधी कॅथलिकांचा चाळीस दिवसांचा उपवासाचा काळ असतो, लेंट. त्यातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य, मासे चालतात. म्हणून इकडे चर्चच्या हॉलमध्ये तळलेल्या माशांची जेवणं असतात, फिश फ्राय. कुठल्या पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या स्थानिक मंडळीत, किती वाजता, ताट किती डॉलरला, सोबत कोबीचं सॅलड की मॅकरोनी, हे मी चार वर्षं छापलं. आपल्या ‘शहरात आज’ सदराची सख्खी बहीणच.

२०१८ ची परिषद कोलंबसला होती, माझ्या घरापासून पंचवीस मिनिटांवर. हॉटेलचा खर्च नाही, म्हणून गेले. दुसरं काही उदात्त कारण नव्हतं. आणि सुरुवात नेमकी गणेश चतुर्थीला! पहाटे उठून प्राणप्रतिष्ठा केली, नवऱ्याला सारण कुठे ठेवलंय ते दाखवलं, उकड काढताना मीठ विसरू नकोस म्हणून दोनदा बजावलं, आणि नऊ वाजता हॉटेलच्या लॉबीत गळ्यात नावाची पट्टी घालून उभी. बोटांना अजून गुळाचा वास होता.

त्या वर्षी वातावरण कसं होतं सांगते. महिन्याभरापूर्वीच, १४ ऑगस्टला, शेजारच्या पेनसिल्व्हेनियात ग्रँड ज्युरीचा, म्हणजे नागरिकांच्या चौकशी मंडळाचा, कॅथलिक चर्चमधल्या मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांबद्दल अहवाल आला होता. सहा धर्मप्रांत, तीनशेहून जास्त पाद्री, हजाराहून जास्त मुलं, आणि हे सगळं सत्तर वर्षांतलं. कॉफीच्या रांगेत दुसरा विषय नव्हता. तिथे मला पहिल्यांदा कळलं की कॅथलिक कायद्यात प्रत्येक धर्मप्रांताला एक गुप्त दप्तर ठेवायला सांगितलंय आणि त्याची किल्ली फक्त बिशपकडे असते. ज्युरीनं मागवून घेतली ती ही दप्तरं. पत्रकार वर्षानुवर्षं ज्या कपाटाबाहेर उभे होते, ते कपाट अखेर सरकारी हुकमानं उघडलं. हे मी लक्षात ठेवलं, तूही ठेव. खाली लागेल.

सत्रांचं थोडक्यात उरकते. पाहण्या करणाऱ्या संस्थांचे लोक येतात, प्राध्यापक येतात, वकील येतात, एका वेळी एका मंचावर चार जण बसतात आणि त्यातला एक चांगलं बोलतो. हे आपल्या साहित्य संमेलनासारखंच. पहिल्या सत्रात ‘नन्स’ वाढत चालल्यात असं ऐकलं आणि मला वाटलं, अरे वा, एवढ्या मुली चर्चच्या जोगिणी व्हायला लागल्या! अर्ध्या तासानं उलगडा झाला. ‘तुमचा धर्म कोणता’ या प्रश्नाला ‘कोणताच नाही’, इंग्रजीत ‘none’, असं उत्तर देणारे, ते हे. प्यू रिसर्चच्या २०२३-२४ च्या पाहणीत असे २९ टक्के निघाले. पूर्ण प्रौढ अमेरिकेतले, बरं का.

खरी गोष्ट घडली ती जिन्यापाशी. एक सत्तरीच्या बाई भेटल्या, तीस-पस्तीस वर्षं ह्याच बीटवर. तिथे ओळख करून देताना ‘कुठल्या पेपरात’ हे नंतर विचारतात, आधी विचारतात ‘सध्या काय करताय?’ मी म्हटलं, फिश फ्रायच्या याद्या. मला वाटलं आता हसणार. त्या अजिबात हसल्या नाहीत. म्हणाल्या, मागच्या वर्षीच्या यादीतली कुठली पॅरिश या वर्षी नाही, हे कधी पाहिलंत का? माशांसाठी तळणारे वीस स्वयंसेवक लागतात. ज्या हॉलमध्ये वीस माणसं उरली नाहीत तिथे काय चाललंय?

घरी आले. गणपतीपुढे बसून चार वर्षांच्या याद्या जमिनीवर पसरल्या. तीन पॅरिशी गळल्या होत्या. एकीचं शेजारच्या पॅरिशमध्ये विलीनीकरण ठरलेलं, पण लोकांना अजून सांगितलं नव्हतं. आमच्या पेपरात पान एकवर आलेली माझी ती पहिली बातमी. माशांच्या यादीतून!

म्हणून तुझ्या डेस्कचा प्रश्न मला नवा वाटला नाही. ‘क्राइमची की धार्मिकची?’ पुण्यात आम्हीही हेच करायचो. शनिशिंगणापूरला बायकांनी चौथऱ्यावर जायचं की नाही, ती बातमी कोर्टाच्या माणसाकडे. देवस्थानावर विश्वस्त नेमले, तर राजकीय बातमीदाराकडे. चेंगराचेंगरी झाली तर क्राइमकडे. ‘धार्मिक’च्या ताटात काय उरलं? प्रवचनाच्या वेळा आणि राशिभविष्य. त्या संघटनेनं १९४९ मध्ये काय केलं, तर हे विखुरलेलं एका माणसाच्या टेबलावर आणणाऱ्यांना एकत्र बसवलं. तेव्हा नाव होतं रिलिजन न्यूजरायटर्स असोसिएशन, २०१६ मध्ये बदलून आताचं केलं. धर्मप्रचारकांची ही संघटना नाही, धर्माकडे बातमी म्हणून पाहणाऱ्यांची आहे. एकाच टेबलावर बाप्टिस्ट, ज्यू, नास्तिक आणि रोज पाच वेळा नमाज पढणारा वार्ताहर जेवतात, आणि गप्पा कसल्या, तर आपापल्या संपादकांच्या!

आता दोन गोष्टी ज्या मला टोचल्या, त्याही सांगते.

पहिली म्हणजे, तू तिथे ‘हिंदू’ होतोस. तुला व्हायचं असो वा नसो. जात, योग, गाय, मोदी, सगळ्याचा खुलासा तुझ्याकडे मागणार. एकानं विचारलं, तुमचा देव कोणता? मी म्हटलं, जेजुरीचा खंडोबा. मग सांगत बसले की त्याला मल्लूखानही म्हणतात, मुसलमान भक्तही आहेत, आणि त्याला दोन बायका, एक वाण्याची, एक धनगराची. तो वही काढून लिहायला लागला. मी म्हटलं बाबा, कॉफी पिऊ दे. गंमत गेली की दमायला होतं.

दुसरी माझीच चूक. तेव्हा मी इथल्या देवळाच्या महाप्रसाद कमिटीत होते आणि त्याच देवळाच्या नव्या सभागृहाबद्दल बातमीही लिहीत होते. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. पोळ्या लाटणं वेगळं, बातमी वेगळी! एका सत्रात हितसंबंधांवर बोलणं चाललं होतं. स्वतःच्या चर्चवर लिहायचं का, संपादकाला आधी सांगायचं का, वर्गणी देत असाल तर काय. मी मान खाली घालून बसले. परत आल्यावर कमिटी सोडली. सभागृहाची बातमी दुसऱ्याला दिली. कमिटीतल्या बायका दोन दिवाळ्या माझ्याशी नीट बोलल्या नाहीत. तुझा मठ आहे त्याच्या कीर्तनाला तुझ्या घरचं कुणी टाळकरी आहे का? असेल तर आत्ताच लिहून ठेव.

आणि हो, जेवणं. काही जेवणं पुरस्कृत असतात. एखादी संस्था जेवण देते आणि दहा मिनिटं स्वतःबद्दल बोलते. सगळं उघड, कार्यक्रमपत्रिकेत छापलेलं. पण मी पुण्यातली पत्रकार परिषदेची पाकिटं आणि प्रवासी बॅगा पाहिलेली बाई, मला घास उतरेना. तीन दिवसांतली दोन दुपारची जेवणं मी डब्यातल्या मोदकांवर काढली. इतरांना ते विक्षिप्त वाटलं असेल.

मधल्या वर्षी, २०१९ ला, लास व्हेगसला होती. धर्माचे पत्रकार जुगाराच्या गावात! गेले नाही, पण नवरा अजून हसतो.

दुसऱ्यांदा गेले ती २०२४ ला पिट्सबर्गला. गाडीनं तीन तास. त्या गावाची गोष्ट तुला माहीत असेल: २७ ऑक्टोबर २०१८, शनिवार सकाळ, ट्री ऑफ लाइफ या ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, सिनेगॉगमध्ये, एका बंदूकधाऱ्यानं अकरा माणसं मारली. तिथल्या पोस्ट-गॅझेटनं पुढच्या शुक्रवारी पान एकच्या मथळ्यात ज्यूंच्या शोकप्रार्थनेचे पहिले शब्द थेट हिब्रू लिपीत छापले. इंग्रजी पेपर, वाचणाऱ्यांतल्या बहुतेकांना ती लिपी येत नाही. तरी छापले. त्यांच्या त्या बातमीदारीला २०१९ चं पुलित्झर पारितोषिक मिळालं. मी उपसंपादक होते ना, मला पुलित्झरपेक्षा रात्री त्या मथळ्यावर सही करणारा माणूस मोठा वाटतो. कल्पना कर, आपल्या पानावर उर्दूत मथळा.

परिषदेतून वेळ काढून मी एकटीच स्क्विरल हिलला, त्या सिनेगॉगच्या वस्तीत, गेले. इमारत बरीचशी पाडून झाली होती, नवी बांधायची म्हणून. कुंपण, माती, एक यंत्र. समोर राहणारी एक म्हातारी कुत्रा फिरवत होती, तिच्याशी बोलले. ती म्हणाली, त्या दिवशी शब्बाथ, ज्यूंचा विसाव्याचा दिवस, कर्मठ घरांत फोनच बंद, म्हणून बातमी दारोदार पायी गेली. हे कुठल्या सत्रात मिळत नाही. शनिवारी फोन न उचलणाऱ्या माणसाला शनिवारी फोन करून ‘प्रतिक्रिया मिळू शकली नाही’ असं छापणं किती मूर्खपणाचं, ते त्या फुटपाथवर कळलं. आपल्या रायगडातले बेने इस्रायली शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावानं त्यांना ‘शनवार तेली’ नाव दिलं. आपल्या खेड्यातल्या माणसाला जे माहीत होतं ते मला अमेरिकेत जाऊन शिकावं लागलं. परतताना पेन हिल्सच्या व्यंकटेश्वराला गेले. १९७० च्या दशकातलं देऊळ आहे, अमेरिकेतल्या अगदी जुन्यांपैकी. दर्शन घेतलं, चिंचेचा भात खाल्ला. त्यावर काही लिहिलं नाही.

तर तुझा प्रश्न: जावं का? ‘सध्या काय करताय’ला उत्तर तयार असेल तर जा. उत्तर नसेल तर बिनपगारी म्हणतात तेच खरं, पैसे वाया. तुझ्याकडे मठ आहे. पण तो आत्ता ऐकीव आहे. कागद आहे का?

मांडवीतीर

आत्यांनी छान लिहिलंय. गोव्यातून थोडी भर.

मी पणजीत मराठी दैनिकात आहे. जुन्या गोव्यात दहा वर्षांतून एकदा सेंट फ्रान्सिस झेवियरच्या अवशेषांचं दर्शन असतं. मागचं २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५. आम्ही मराठी पेपरवाले त्याला वर्षानुवर्षं ‘शवप्रदर्शन’ लिहीत आलो. मलाही त्यात काही खटकलं नव्हतं. यावेळी एक ख्रिस्ती मित्र म्हणाला, “तुमच्या माऊलीच्या समाधीला तुम्ही ‘पुरलेली जागा’ लिहाल काय?” मी गप्प. त्यांच्या घरात तो ‘गोंयचो सायब’. मी ‘पवित्र अवशेषांचे दर्शन’ लिहून पाठवलं, डेस्कनं मथळ्यात पुन्हा ‘शवप्रदर्शन’ केलं, कारण दोन कॉलमात बसतं. आणि ते ऑक्टोबर २०२४ चे दिवस. त्या अवशेषांच्या डीएनए चाचणीच्या मागणीवरून मडगावात लोक रस्त्यावर उतरलेले. अशा वेळी मथळ्यातला एक शब्द दगडासारखा लागतो.

आत्या, तिकडे शब्दांचं काय करतात?

ओहायोवाली आत्या

मांडवीतीर, बरं विचारलंत. त्यांच्या संघटनेनं धर्माच्या शब्दांची एक शैलीपुस्तिकाच केलेली आहे, कुठला शब्द कसा लिहायचा याची. त्यांचंही एकमत लगेच होत नाही. त्याच २०१८ च्या ऑगस्टमध्ये मॉर्मन पंथाच्या प्रमुखांनी जाहीर केलं की आम्हाला ‘मॉर्मन’ म्हणू नका, पूर्ण नाव घ्या. पूर्ण नाव म्हणजे ‘चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’. आता हे बसव दोन कॉलमात! कोलंबसला त्यावर भरपूर चेष्टाही झाली आणि गंभीर बोलणंही झालं. पुढच्या वर्षी असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनं आपला नियम बदलला. ‘मूलतत्त्ववादी’ हा शब्द तर, एखादा गट स्वतःला तसं म्हणवत असेल तरच वापरा, असा त्यांचा दंडक आहे.

आपल्याकडे असं पुस्तक कुणी केलं तर पहिलं पान ‘नवबौद्ध’ या शब्दावर खर्च होईल. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा झाली. घरात तिसरी-चौथी पिढी बौद्ध म्हणून जन्मली, आणि आपल्या सरकारी फॉर्मवर आणि आपल्या कॉपीत ती अजून ‘नव’च. पुण्यात असताना हा शब्द मी स्वतः किती वेळा छापला असेल. कुणी चूक म्हणून परत पाठवला नाही.

कागदपत्रे पूर्ण

तांत्रिक मुद्दा. कुणीच बोललं नाही म्हणून.

वाखरीकर, व्हिसाचं आधी समजून घ्या. पत्रकाराला अमेरिकेत काम करायला ‘आय’ व्हिसा लागतो. परिषदेला नुसतं सहभागी म्हणून जायचं तर ‘बी’ व्हिसा चालतो, पण अट अशी की त्या परिषदेची बातमी करायची नाही. तिथून पाठवायची नाही आणि घरी परतूनही नाही. ‘बहिणीकडे चाललोय’ म्हणून व्हिसा काढायचा आणि मग ‘आमच्या प्रतिनिधीकडून’ म्हणून लेखमाला छापायची, हा उद्योग करू नका. पुढच्या वेळी खिडकीवरचा साहेब तुमचीच लेखमाला तुमच्यासमोर ठेवेल. मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकी वकिलातीत मुलाखतीची तारीख मिळायला महिने जातात हेही धरा.

बिनपगारी

म्हणजे जायचं, ऐकायचं, आणि लिहायचं नाही. वारकऱ्याला हे चालेल, वार्ताहराला कसं चालणार?

वाखरीकर

सगळ्यांचे आभार. व्हिसाचं खरंच माहीत नव्हतं, मी तर ‘पंढरपूर ते पेनसिल्व्हेनिया’ असं लेखमालेचं नावसुद्धा ठरवून ठेवलं होतं. ते आता राहिलं.

आत्या, टाळकऱ्याचं विचारलंत. माझे चुलते त्या मठाच्या दिंडीत चालतात, वीस वर्षं. मी नाही. हे मी डेस्कला सांगितलं नव्हतं. विचारलंही नव्हतं कुणी.

कागद म्हणाल तर ऐकीवच आहे. वऱ्हाडी, आचारी, एक माजी व्यवस्थापक. तोही नाव देणार नाही. मठवाले म्हणतात, हिशोब माऊलीला माहीत. त्यावर काय बोलणार?

ओहायोवाली आत्या

हिशोब माऊलीला माहीत असेलच, पण धर्मादाय आयुक्तांनाही माहीत असायला हवा!

ऐक. कोलंबसला मी एका टेबलावर सहज बोलून गेले की महाराष्ट्रात देवस्थानांचे हिशोब सरकारी कार्यालयात असतात आणि नकला मागता येतात. सहा माणसांनी चमचे खाली ठेवले. इथे इतर धर्मादाय संस्थांना दरवर्षी ‘फॉर्म ९९०’ भरावा लागतो, तो कुणालाही वाचता येतो. चर्च, मशीद, देऊळ, सिनेगॉग यांना तो भरायची सक्तीच नाही. किती आले, किती गेले, पास्टरचा पगार किती, काही कळायची सोय नाही. ह्यूस्टनच्या आणि सॅन अँटोनियोच्या पेपरांनी २०१९ मध्ये सदर्न बाप्टिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या चर्चमधल्या लैंगिक अत्याचारांवर काम केलं. मध्यवर्ती यादी कुणाकडेच नव्हती, म्हणून त्यांनी कोर्टांच्या नोंदी धुंडाळून स्वतः यादी बनवली. वीस वर्षांतली सातशेहून जास्त पीडित माणसं. हे वाचलं की मला आपला १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा आठवतो. आपण तो हाताशी असून किती वेळा उघडतो?

तुला काय काय मिळू शकतं: परिशिष्ट एकचा उतारा, त्यात मिळकती आणि विश्वस्तांची नावं. लेखापरीक्षित हिशोब. विश्वस्त बदलले असतील तर चेंज रिपोर्ट, तो बदलापासून नव्वद दिवसांत द्यायचा असतो. किती जण देतात ते तूच बघ. आणि जागा विकली किंवा मोठ्या मुदतीनं भाड्यानं दिली असेल तर कलम ३६ खाली आधी परवानगी घ्यावी लागते. धर्मशाळेचा मजला लग्नांना कोण देतंय आणि जमाखर्चात ‘भाडे’ या ओळीसमोर काय आकडा आहे, एवढंच पहिल्यांदा बघ. मोठं काही शोधू नकोस.

विठ्ठल मंदिराचे हिशोबही तिथेच मिळतील, जोडीला बघून ठेव.

वाखरीकर

आत्या, इथे मी तुमच्यापुढे. विठ्ठल-रुक्मिणी मंदिर १९७३ च्या स्वतंत्र कायद्याखाली आहे, धर्मादायकडे नाही. तिथे समितीकडेच माहिती मागावी लागते. पण मठ, धर्मशाळा, दिंड्यांचे ट्रस्ट हे धर्मादायकडे, ते बरोबर.

ओहायोवाली आत्या

शाब्बास. बघ, हे मला तिथे तीन दिवस बसून कुणी सांगितलं नसतं.

तर आता क्रम असा लाव. चुलत्यांचं डेस्कला आधी लेखी कळव. नकलेचा अर्ज टाक. बातमी लागू दे. मग परिषदेचा अर्ज. आयोजकांना सरळ मेल करून विचार, सवलत किंवा शिष्यवृत्ती आहे का; विचारायला पैसे पडत नाहीत. तुझ्या बातमीचा एक पानी इंग्रजी गोषवारा मी करून देईन. आणि बायकोला पैशाचं सांग बाबा, हे सगळ्यात आधी.

अर्जावर मठाचा नोंदणी क्रमांक लागेल. हिंदू देवस्थानांचा बहुतेक ‘ए’नं सुरू होतो. फलकावर नसेल तर पावतीपुस्तकावर असतोच. एकवीस रुपये दे आणि पावती माग.

वाखरीकर

पावती मागायची गरज पडली नाही. बायकोशी बोलत होतो, आई पलीकडे ऐकत होती. आत गेली आणि हरिपाठाच्या पुस्तकातून पावती काढून आणली. अन्नदान, ५१ रुपये, मागच्या आषाढीची. क्रमांक स्पष्ट आहे, ‘ए’पासूनच.

सोमवारी सातच्या एसटीनं सोलापूर.